भीड ही भिकेची बहीण: आपल्या कामाला कुंपण कसं घालायचं?



मागच्या व्हिडिओखाली एकाच प्रश्नाचे बरेच मेसेज आले. "ताई, दुकान टाकलं, गिऱ्हाईक येतंय, दिवसभर हात रिकामा नसतो. पण ज्या कामासाठी हे सगळं सुरू केलं, त्यालाच वेळ मिळत नाही. काय करू?" दहा मिनिटांच्या व्हिडिओत याचं उत्तर मावलं नसतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. जे सांगणार आहे ते मी स्वतः चुकून शिकले आहे.

माझं कराडला शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. अस्तर, फॉल, दोरा, हुक, लेस, कॅनव्हास, मशीनच्या सुया, बॉबिन. बीबीए केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत येऊन बाबांचं दुकान हातात घेतलं. पहिल्या वर्षातच एक गोष्ट लक्षात आली. माझ्याकडून सामान नेणाऱ्या बायकांचे हात सोन्यासारखे आहेत, पण हिशोबाच्या वेळी त्या गप्प बसतात. समोरची म्हणेल तो दर. तेव्हाच ठरवलं की दोरा-अस्तर विकून आपलं पोट भरेल, पण आपलं खरं काम या बायकांना स्वतःच्या कामाचा दर लावायला शिकवणं हे आहे. दुकानामागच्या खोलीत दुपारी दोन ते चार शिकवणी सुरू केली. पहिल्या बॅचला आठ जणी आल्या.

तागा परत आला तो दिवस

त्या आठ जणींमधली एक. नाव सांगत नाही. ब्लाउज असा शिवायची की बघत राहावं. अस्तराचा ब्लाउज दोनशे रुपयांत. अस्तर, दोरा, हुक सगळं तिचंच. मी म्हटलं, "बुधवारी ये, तुझा एकटीचा हिशोब मांडू या."

बुधवारी ती आली, तेव्हा दुकानात कुरिअरची गाडी आली होती. हो, तेव्हा मी कुरिअरही घेत होते. मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स आणि राखीच्या दिवसांत राख्या पण. तिला म्हटलं, "उद्या ये." गुरुवारी आत्या आली होती, नातीच्या बारशाची खरेदी काढून बसली. "सोमवारी नक्की." सोमवारी एका मोठ्या गिऱ्हाइकाला लेस दाखवता दाखवता साडेचार वाजले. ती दाराशी वीस मिनिटं उभी राहिली आणि निघून गेली. तिचं लेकरू शाळेतून सुटायची वेळ झाली होती.

दीड महिन्याने ती आली, हातात अस्तराचा अर्धा तागा. "ताई, हा परत घेता का? मशीन विकलं. एका कपड्याच्या दुकानात कामाला लागते."

मी तागा घेतला आणि पूर्ण पैसे दिले. ती गेल्यावर तिच्यासाठी जो हिशोब मांडायचा होता, तो एकटीने मांडला. अस्तर 70 रुपये. हुक, दोरा, दोरी, कॅनव्हास मिळून 25. सुई, तेल, वीज धरून 5. झाले शंभर. उरले शंभर. कापणी, शिलाई, हातशिलाई, हुक लावणं आणि नंतरचं फुकटचं अल्टर धरून साडेतीन तास. तासाला तीस रुपयेसुद्धा पडत नव्हते. फक्त अस्तराचे पैसे वेगळे घेतले असते, तरी तिची कमाई तासाला जवळपास पन्नासवर गेली असती. वीस मिनिटांचं काम होतं हे! ती वीस मिनिटं माझ्याकडे तीन वेळा होती, आणि तिन्ही वेळा मी ती दुसऱ्याला देऊन टाकली.

बरं, ती तीन कामं वाईट होती का? नाही ना. कुरिअर, आत्या, मोठं गिऱ्हाईक, सगळी चांगलीच. इथेच आपली फसगत होते. आपल्या खऱ्या कामाचा वेळ चोर येऊन नेत नाही. ओळखीची, प्रेमाची, चार पैसे देणारी माणसं हळूच मागतात आणि आपण भिडेपोटी देतो. आपल्याकडे म्हणतातच, भीड ही भिकेची बहीण. आणि माझ्या धंद्याला तर दुसरी म्हण जास्त शोभते: एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेताला बांध घालतो तो शेजाऱ्याशी वैर आहे म्हणून नाही. आपल्या वावरात पडलेलं पाणी आपल्या वावरात मुरावं म्हणून घालतो. धंद्यालाही तसेच बांध लागतात. मी पाच घातले. एकेक सांगते, त्यात काय गमावलं तेही सांगते.

पहिला बांध: वेळ

मंगळवार ते शुक्रवार दुपारी दोन ते चार दुकान बंद. पाटी लावली: "शिकवणी सुरू आहे. दुकान 4 वाजता उघडेल." पाटी लावताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू!

पुण्याच्या चितळे बंधूंची दुपारची एक ते चार सुट्टी आठवते ना? त्यावर किती विनोद झाले. पण गिऱ्हाईक चारनंतर येऊन रांगेत उभं राहायचंच, कारण बाकरवडीच्या दर्जात तडजोड नव्हती. पुढे 2017 मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. मला यात दोन धडे दिसतात. एक, माल आणि काम चोख असेल तर लोक तुमची वेळ पाळतात. दोन, बांध आपण घातलेला असतो, गरज बदलली की आपणच तो हलवायचा. कुणी रागावलं म्हणून घाईघाईत हलवायचा नाही.

मुंबईचे डबेवाले बघा. 1890 पासूनची परंपरा. घरचा डबा वेळेवर तयार नसेल तर ते ताटकळत बसत नाहीत, कारण एका डब्यासाठी थांबलं तर लोकल चुकते आणि बाकी सगळ्यांची जेवणं रखडतात. 2003 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, तेव्हाही डबेवाल्यांच्या कामाची वेळ सांभाळून भेट ठरली, असं ते अभिमानाने सांगतात. युवराजांसाठी डबा थांबत नसेल, तर आपण कुरिअरवाल्यासाठी का थांबतो?

माझं नुकसान? पहिल्या तीन महिन्यांत विक्री महिन्याला अंदाजे 2 लाख 40 हजारांवरून 2 लाख 10 हजारांवर आली. काही गिऱ्हाइकं कायमची गेली. नवरात्रापर्यंत विक्री पूर्वपदावर आली, कारण शिकायला येणाऱ्या बायका सामानही इथूनच न्यायला लागल्या. पण ते तीन महिने रात्री झोप नव्हती. म्हणून आधीच सांगते, वेळेचा बांध घालायचा असेल तर गाठीला दोन-तीन महिन्यांचा खर्च ठेवा आणि ऐन सीझनच्या तोंडावर सुरू करू नका.

दुसरा बांध: काय विकायचं नाही

"येतंय तर ठेवू या" हे वाक्य किती दुकानं खाऊन बसलंय! मी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक जोडधंद्याचे पैसे आणि तास महिनाभर वहीत लिहिले. कुरिअरचं कमिशन महिन्याला 2,100 रुपये. रोजचा दीड तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 39 तास. तासाला जेमतेम 54 रुपये. शिकवणीचे आठ जणींचे 600 प्रमाणे 4,800 रुपये, 32 तास. तासाला 150. त्यात माझं मन कुठे रमतं हे तर वेगळंच.

कुरिअर बंद केलं. रिचार्ज बंद केलं. झेरॉक्स ठेवलं, कारण पॅटर्नचे कागद काढायला तेच मशीन लागतं. म्हणजे सगळं झाडून टाका असं मी म्हणत नाही. एकच प्रश्न विचारा: हे माझ्या खऱ्या कामाला हातभार लावतंय, की त्याच्या ताटातलं खातंय? आकडे वहीत आले की उत्तर लगेच मिळतं.

तिसरा बांध: उधारी

"आज रोख, उद्या उधार" ही पाटी आमच्याकडे बाबांच्या काळापासून होती. आणि त्या पाटीच्या बरोबर खाली उधारीची वही! मी बेरीज केली तेव्हा 61 नावं आणि 93,400 रुपये निघाले. त्या पैशांत नव्या बॅचसाठी शिकवणीची मशीनं आली असती.

नवा नियम केला. उधारी जास्तीत जास्त 2,000 रुपये आणि पंधरा दिवस. जुनी बाकी असेल तर नवीन माल रोख. वर्षभरात 58 हजार वसूल झाले. राहिलेल्यांतल्या काहींची परिस्थिती खरंच वाईट होती, तिथे मीच रेघ मारली.

इथे तुकोबारायांची आठवण येते. वाण्याचं घर, घरात सावकारी. परंपरा सांगते की त्यांनी कर्जाची कागदपत्रं इंद्रायणीत बुडवली. पण लोक पुढचा भाग विसरतात. त्यांनी आधी वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याला दिला आणि फक्त स्वतःचा हिस्सा बुडवला. आपलं सोडायचा अधिकार आपल्याला आहे. घरच्यांच्या वाट्याचं, नोकराच्या पगाराचं, मुलाच्या फीचं परस्पर सोडून द्यायचा नाही. उधारीची रेघ मारताना मी हे डोक्यात ठेवते.

तुमच्यापैकी जे स्वतः माल बनवतात किंवा सेवा देतात, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. उद्यम नोंदणी करून घ्या. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, आणि करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होतं. माझ्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्रीच्या दुकानाला ही तरतूद लागू होत नाही, पण गणवेश शिवून देणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थिनींनी बिलावरच "15 दिवसांत" असं छापून घेतलंय. सरकारने तुमच्यासाठी बांध घातलेला आहे, तो तुम्ही निदान दाखवा तरी!

चौथा बांध: फोन

रात्री अकराला मेसेज: "ताई, हा गुलाबी शेड आहे का?" सोबत फोटो. आपण उत्तर दिलं की उद्या साडेअकराला दुसरा मेसेज येतो. सवय गिऱ्हाइकाने नाही लावली, आपण लावली.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा टाकता येतात आणि त्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. माझा निरोप असा: "नमस्कार, तुमचा मेसेज मिळाला. सकाळी 10 नंतर पाहून नक्की कळवते." आणि सकाळी दहानंतर कळवतेच. "नक्की" लिहून आपण विसरलो, तर तो बांध नाही, तो उद्धटपणा होतो.

पाचवा बांध: आपली माणसं

हा सगळ्यात अवघड. पाटी लावल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आत्या अडीच वाजता आली. दार लोटून आत. "अगं, आपल्या माणसाला कसलं आलंय वेळापत्रक?"

आठ जणी आत बसलेल्या. मी आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, "आत्या, तू चारपर्यंत बस, नाहीतर घरी जा, आईनं चहा ठेवलाय. चारला सगळे रंग काढून दाखवते. पण आत्ता मी यांची आहे." आत्या फणकाऱ्याने गेली. दोन महिने बोलली नाही. आईनेही मला ऐकवलं. त्या दोन महिन्यांत मला कितीदा वाटलं, काय मोठं अडलं होतं पाच मिनिटं द्यायला!

पण त्या दिवशी आत बसलेल्या आठ जणींनी ते पाहिलं होतं. त्यातली एक पुढच्या आठवड्यात म्हणाली, "ताई, तुम्ही आत्याला थांबवलंत ना, मग मी पण नणंदेला फॉल-पिकोचे पैसे मागितले." मी एवढे दिवस फळ्यावर शिकवत होते ते तिला त्या एका वाक्यातून कळलं होतं.

आपल्या माणसांना नाही म्हणताना मी तीन गोष्टी पाळते. आधी मान द्यायचा. मग नाही स्पष्ट सांगायचं, कारणांची माळ ओवायची नाही. आणि लगेच पुढची वेळ द्यायची. "बघते", "जमलं तर", "ट्राय करते" हे शब्द मी सोडून दिले, कारण समोरचा ते "हो" असंच ऐकतो.

आणि अपवाद? आहेत. कुणाच्या घरी आजारपण, दुःखद प्रसंग, लग्नाच्या आदल्या दिवशी उसवलेला ब्लाउज. अशा वेळी दार उघडायचंच. आपण माणसं आहोत, सरकारी खिडकी नाही. फक्त अपवाद वहीत लिहा. महिन्यात दोन असतील तर ते अपवाद. दहा झाले तर बांध फुटलाय.

आणि स्वतःच्या हावेचं काय?

इतरांना नाही म्हणणं जमलं की शेवटी स्वतःची पाळी येते. मागच्या वर्षी मला शिलाई मशीनच्या एजन्सीची ऑफर आली. मोठं कमिशन. अट एकच, दर महिन्याला ठरलेली मशीनं खपवायची. मी आठवडाभर आकडेमोड केली, स्वप्नंही पाहिली. मग लक्षात आलं, महिनाअखेरीला टार्गेट भरायचं असेल तर माझ्याकडे शिकायला येणारी प्रत्येक बाई मला विद्यार्थिनी दिसणार नाही, मशीनचं गिऱ्हाईक दिसेल. जिला जुनं मशीन दुरुस्त करून चाललं असतं, तिलाही मी नवीन घ्यायला लावेन. नाही म्हटलं. त्या पैशांची हळहळ अजूनही वाटते, हे कबूल करते.

लिज्जत पापडची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. सुरुवातीलाच त्यांनी ठरवलं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. विचार करा, हातात उसने 80 रुपये आणि देणगीला नाही! त्यांना दया नको होती, बायकांचा स्वतःचा धंदा हवा होता. काय नाकारायचं ते पहिल्याच दिवशी ठरलं, म्हणून पुढे काय घ्यायचं हे ठरवणं सोपं गेलं असावं, असं मला वाटतं.

आता तुमची वही काढा

या रविवारी एक तास काढा आणि चार गोष्टी लिहा.

1. मी हा धंदा कशासाठी सुरू केला? एका वाक्यात. "पैशासाठी" हे उत्तर चालेल, पण ते खरं असेल तरच लिहा.
2. गेल्या आठवड्यात त्या कामाला प्रत्यक्ष किती तास दिले?
3. बाकीचे तास कुणाला गेले? नावानिशी लिहा. लाजू नका, वही तुमचीच आहे.
4. त्यातला एकच बांध निवडा. एकच! पाच एकदम घालायला गेलात तर पंधरा दिवसांत पाचही फुटतील. मला पाच घालायला दोन वर्षं लागली.

ज्यांच्या घरात पैशाची फार ओढाताण आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगते. तुम्ही आत्ता दुकान दोन तास बंद ठेवू शकत नसाल तर वाईट वाटून घेऊ नका. आठवड्यात एक तास राखा. बांध वीतभर असला तरी चालेल, पण तो तुमचा असू द्या.

ती मशीन विकलेली बाई मला अधूनमधून बाजारात भेटते. कपड्यांच्या दुकानात आहे, पगार वेळेवर मिळतो, बरी आहे म्हणते. मला बघून हसते. मी तिला शिवणकामाबद्दल काही विचारत नाही, तीही काढत नाही. तिचा तो अस्तराचा तागा मात्र मी विकला नाही. मागच्या खोलीत आहे, नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी दराचा हिशोब शिकवताना तोच टेबलावर ठेवते. आणि तेव्हा बाहेरचं शटर खाली असतं.

तुमचा पहिला बांध कोणता, हे मला कळवा. उत्तर देईन. सकाळी दहानंतर!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर काळजी घ्या, धंदा सांभाळा आणि ज्यासाठी धंदा काढला तेही सांभाळा.